चहाने टाकलेला रुमाल

बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा घ्या. त्यात कॅलरी जवळजवळ नाहीतच. पोटात जातं ते बहुतेक पाणी. तरीही दुपारच्या जेवणानंतर जडावलेले डोळे त्या एका कपाने उघडतात आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस पुन्हा कामाला लागतो. शरीराला नवं अन्न मिळालेलं नाही, विश्रांतीही मिळालेली नाही. मग ही तरतरी आली कुठून?

खरं उत्तर असं की ती कुठून आलेलीच नाही. थकवा होता तिथेच आहे, फक्त त्याची खबर मेंदूला लागेनाशी झाली आहे. ही खबर देणारा रेणू म्हणजे अ‍ॅडेनोसिन. पेशीच्या आवरणात बसून ती टिपणारी प्रथिनं म्हणजे अ‍ॅडेनोसिन रिसेप्टर. एखाद्या रेणूला नेमकं ओळखणारं आणि तो येऊन बसला की पेशीच्या आत हालचाल सुरू करणारं प्रथिन, एवढाच रिसेप्टरचा अर्थ. याच रिसेप्टरांच्या आधाराने डॉक्टर सैरभैर धावणारं हृदय ताळ्यावर आणतात आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा श्वास चालू ठेवतात. चहाचं कोडं हे त्यातलं सगळ्यात घरगुती प्रकरण.

एटीपी मोडतं तेव्हा

स्नायू आखडणं असो की मज्जातंतूतून संदेश जाणं, पेशीच्या प्रत्येक कामाला एटीपी नावाचा रेणू लागतो. अ‍ॅडेनोसिनला फॉस्फेटचे तीन गट एकापुढे एक जोडले की एटीपी तयार होतं. टोकाचा गट तुटला की ऊर्जा सुटते. पेशी अन्न आणि ऑक्सिजन वापरून तो गट लगेच पुन्हा जोडते. हे काम इतकं अखंड चालतं की दिवसभरात मोडून पुन्हा जोडलेल्या एटीपीचं वजन केलं, तर ते साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतकं भरेल.

आता समजा खर्च वाढला आणि पुरवठा कमी पडला. मग दुसरा गट तुटतो, तिसराही तुटतो आणि नुसतं अ‍ॅडेनोसिन उरतं. ते पेशीबाहेर पडतं. पेशीतलं एटीपीचं प्रमाण अ‍ॅडेनोसिनच्या हजारो पट असतं, ही गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. एटीपी शेकडा पाच-दहाने घटलं तर पेशीच्या कामात फारसा फरक पडत नाही, पण तेवढ्यानेच अ‍ॅडेनोसिन कैक पटींनी वाढतं. टंचाई खरोखर भेडसावण्याच्या बऱ्याच आधी तिची वर्दी मिळते.

ही वर्दी फार काळ हवेत राहत नाही. आसपासच्या पेशी अ‍ॅडेनोसिन शोषून घेतात, अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज नावाचं एन्झाइम त्याचं रूप बदलतं आणि पायरीपायरीने शेवटी त्याचं युरिक अ‍ॅसिड होतं. हो, तेच युरिक अ‍ॅसिड, जे वाढलं की पायाचा अंगठा सुजतो. हे एन्झाइमही आपल्याकडे अनेकांनी रिपोर्टवर वाचलेलं असतं. फुप्फुसाभोवती पाणी झालं की क्षयरोगाची शंका तपासायला डॉक्टर त्या पाण्याची ‘एडीए’ चाचणी करायला सांगतात. एडीए म्हणजे अ‍ॅडेनोसिन डीअमिनेजच. क्षयरोगाशी लढायला जमलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये ते भरपूर असतं, म्हणून त्या पाण्यात त्याचं प्रमाण चढतं.

अ‍ॅडेनोसिन जिथे तयार होतं तिथेच काम करतं आणि तिथेच संपतं. संप्रेरकांसारखं ते रक्तातून लांबचा प्रवास करत नाही. पुढे औषधांची जी फजिती सांगायची आहे, तिचं मूळ इथे आहे.

केंब्रिजमधला अर्क

या कथेची सुरुवात १९२९ सालची. केंब्रिजमध्ये अ‍ॅलन ड्रुरी आणि अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हे दोघे हृदयाच्या स्नायूचा अर्क काढून तो प्राण्यांना टोचत होते. अर्क टोचला की हृदयाचे ठोके मंदावायचे, रक्तदाब उतरायचा आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंदावायच्या. अर्कातला हा गुण अ‍ॅडेनोसिनच्या कुळातल्या पदार्थाचा आहे हे त्यांनी शोधून काढलं. सेंट-ज्यॉर्जी यांना पुढे १९३७ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, ज्यात क जीवनसत्त्वाचा मोठा वाटा होता. त्यामुळे अ‍ॅडेनोसिनचा हा शोध त्यांच्या चरित्रात कोपऱ्यात पडला. १९३० मध्येच अ‍ॅडेनोसिन माणसांवरही वापरून पाहिलं गेलं, पण परिणाम इतका क्षणिक होता की औषध म्हणून त्याचा काही उपयोग असेल असं कुणाला वाटलं नाही.

१९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बर्न यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत एकेहार्ट गेर्लाख यांनी, त्या क्षणिक परिणामाला अर्थ दिला. हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की तो अ‍ॅडेनोसिन सोडतो, त्याने जवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि नेमक्या त्याच भागाला जास्त रक्त मिळतं. मागणी करणाराच पुरवठ्याची वाट मोकळी करतो. मेंदूतून हुकूम यावा लागत नाही.

पण अ‍ॅडेनोसिन पेशीला हे सांगतं कसं? १९७० मध्ये सॅटिन आणि रॉल या दोघांनी गिनीपिगच्या मेंदूच्या पातळ कापांवर प्रयोग केले. अ‍ॅडेनोसिन दिलं की कापांत सायक्लिक एएमपी या रेणूचं प्रमाण वाढायचं. पेशीच्या आत हुकूम पोचवायचं काम हा रेणू करतो. सायक्लिक एएमपी मोडणारं एक एन्झाइम कॅफीन आणि थिओफिलिन रोखतात, असं त्या काळी सगळे शिकत. म्हणजे ते दिल्यावर सायक्लिक एएमपी आणखी वाढायला हवं होतं. झालं उलटंच. कॅफीनच्या कुळातले हे पदार्थ दिले की अ‍ॅडेनोसिनचा परिणामच नाहीसा व्हायचा. याचा अर्थ ते पेशीच्या आत शिरण्याआधीच, दारातच, अ‍ॅडेनोसिनला अडवत होते. एन्झाइम रोखण्याएवढं कॅफीन शरीरात जायला चहा-कॉफीच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते, हे पुढे स्पष्ट झालं. तरी ते जुनं स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून निघायला बराच काळ गेला.

पुढच्या वीसेक वर्षांत एकाऐवजी चार रिसेप्टर सापडले.

चौकट : चार रिसेप्टर
ए-१ – मेंदू, हृदय, मूत्रपिंड. सायक्लिक एएमपी कमी करतो. एकूण काम मंदावण्याचं.
ए-२ए – मेंदूचा हालचालींशी निगडित भाग, रक्तवाहिन्या, पांढऱ्या पेशी. सायक्लिक एएमपी वाढवतो. रक्तवाहिन्या सैलावतो, रोगप्रतिकारक पेशींना आवरतो.
ए-२बी – आतडी, फुप्फुसं, अ‍ॅलर्जीच्या पेशी. सायक्लिक एएमपी वाढवतो, पण जागा होतो तो अ‍ॅडेनोसिन फार वाढल्यावरच, म्हणजे ऊतींवर खरं संकट आल्यावर.
ए-३ – अ‍ॅलर्जीच्या व इतर काही पेशी. सायक्लिक एएमपी कमी करतो. उंदराच्या आणि माणसाच्या ए-३ मध्ये फरक बराच असल्याने उंदरांवरचे निष्कर्ष इथे सरसकट लागू पडत नाहीत.

रेणू तोच, पण कुठल्या पेशीवर कुठला रिसेप्टर आहे यावर परिणाम ठरतो. म्हणूनच अ‍ॅडेनोसिन बहुतेक ठिकाणी रक्तवाहिन्या रुंद करतं आणि मूत्रपिंडात मात्र रक्त आत आणणारी बारीक वाहिनी आवळतं. मूत्रपिंडाच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे, कारण रक्त गाळणं कमी झालं की तिथला खर्चही कमी होतो. चहा प्यायल्यावर लघवीला जावं लागतं त्याचं कारणही हेच. कॅफीन हा लगाम सैल करतं.

सीट अडवून ठेवणारा प्रवासी

आता चहाकडे. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा प्रवासी सगळ्यांनी पाहिलेला आहे. रुमाल काही गावाला जात नाही, तिकीटही काढत नाही. पण तो आहे तोवर त्या सीटवर दुसरं कुणी बसत नाही. कॅफीन हा असाच रुमाल आहे. त्याच्या रेणूची घडण अ‍ॅडेनोसिनशी इतकी जुळते की रिसेप्टरच्या खाचेत ते नीट बसतं. फरक एवढाच की अ‍ॅडेनोसिन बसलं की रिसेप्टर कामाला लागतो, कॅफीन बसलं की काहीच होत नाही. अ‍ॅडेनोसिन मात्र उभं राहतं.

आपण जागे असतो तेव्हा मेंदू खर्च करत असतो आणि अ‍ॅडेनोसिन साठत जातं. १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांजरांच्या मेंदूच्या तळाशी, जागेपण राखणाऱ्या भागात, केसासारखी बारीक नळी बसवून हे मोजलं. मांजरांना सहा तास जागं ठेवलं तसं तिथलं अ‍ॅडेनोसिन चढत गेलं. झोपू दिल्यावर हळूहळू उतरलं. दिवसभर वाढत जाणाऱ्या झोपेच्या ओढीमागे हे साठणं आहे. एकटं अ‍ॅडेनोसिनच झोप ठरवतं असं नाही. शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ वेगळं चालू असतं. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी दहाला उगाच थोडं बरं वाटतं ते त्या घड्याळामुळे.

चारांपैकी कुठल्या सीटवरचा रुमाल जागं ठेवतो, याचा निकाल २००५ मध्ये ओसाकातल्या संशोधकांच्या प्रयोगाने लावला. जन्मापासून ए-१ रिसेप्टर नसलेले उंदीर कॅफीनने नेहमीसारखेच जागे राहिले. ए-२ए नसलेल्या उंदरांवर कॅफीनचा काही परिणाम झाला नाही, ते झोपायचे तसे झोपले. माणसांमध्येही ए-२एच्या जनुकात थोडे फरक आढळतात. त्यांच्यामुळे एकाची झोप संध्याकाळच्या अर्ध्या कपाने उडते आणि दुसरा जेवणानंतर कॉफी पिऊन घोरायला लागतो. तेव्हा ‘तुझं काहीतरीच असतं’ असं म्हणून कुणाला चहाचा आग्रह करू नये.

रुमाल कायम राहत नाही. यकृत कॅफीन मोडत असतं आणि निरोगी प्रौढ माणसात त्यातलं निम्मं मोडायला साधारण पाच तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते लवकर मोडतं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याला तिप्पट वेळ लागू शकतो. संध्याकाळी पाचच्या चहातलं अर्धं कॅफीन रात्री दहाला अंगात असतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाहून जास्त घटली. ही मात्रा मोठीच आहे, आपल्या नेहमीच्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. पण दिवसाला आठ-दहा कप पिणारी माणसं प्रत्येक कचेरीत आहेत. आणि रुमाल सरकला की उभे असलेले सगळे प्रवासी एकदम बसतात. चहा उतरला की पेंग दुप्पट झाल्यासारखी वाटते ती यामुळे.

रोज चहा घेणाऱ्याचा मेंदू स्वस्थ बसत नाही. सीटा अडवल्या जात आहेत असं दिसल्यावर तो आणखी सीटा बसवतो, म्हणजे रिसेप्टरांची संख्या वाढवतो. मग पूर्वीच्या एका कपाची किक बसायला दोन कप लागतात. अशा माणसाचा चहा एकाएकी बंद झाला की मोकळ्या सीटा जास्त आणि अ‍ॅडेनोसिनला अडवणारं कुणी नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, डोकं ठणकतं, चिडचिड होते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत हे सुरू होतं आणि आठवडाभर चालू शकतं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाचं डोकं दुखतं त्यात पुष्कळदा हाच प्रकार असतो. महाराष्ट्रात एकादशीला चहा चालतो, ही सवलत ज्याने कुणी दिली त्याला अ‍ॅडेनोसिन माहीत नसलं तरी माणसं माहीत होती.

सहा मिलिग्रॅम

हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांशी जोडणारी विजेची वाट एका छोट्या गाठीतून जाते. काही माणसांत तिथे किंवा तिच्याजवळ जादा वाट असते आणि संदेश गोल फिरत राहतो. बसल्या जागी अचानक ठोके मिनिटाला १८० ते २०० होतात. छाती धडधडते, घाम फुटतो, माणूस घाबरून दवाखान्यात येतो. डॉक्टर आधी रुग्णाला सिरिंजमध्ये जोराने फुंकायला लावतात आणि लगेच आडवं करून पाय वर धरतात. तेवढ्यानेही पुष्कळांचे ठोके जागेवर येतात. नाही आले तर अ‍ॅडेनोसिन.

हे इंजेक्शन देणं पाहण्यासारखं असतं. कोपराजवळची मोठी शीर निवडतात, कारण औषध हृदयापर्यंत पोचायच्या आधीच संपून जाण्याची भीती असते. रक्तात त्याचं आयुष्य दहा सेकंदांहूनही कमी. ६ मिलिग्रॅम औषध झटक्यात आत ढकलायचं आणि मागोमाग सलाइनचा जोराचा फवारा, हात उंच धरलेला. सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. ते औषध गाठीतल्या ए-१ रिसेप्टरांवर बसतं आणि वाट बंद होते. पडद्यावरच्या दाट शिखरांच्या जागी सरळ रेघ येते. एक सेकंद, दोन, कधी त्याहून जास्त. मग एक ठोका, आणखी एक, आणि नेहमीची संथ लय. जमलं नाही तर १२ मिलिग्रॅम. त्या काही सेकंदांत रुग्णाला छातीवर दडपण येतं, चेहरा लाल होतो आणि आपण आता मरतो आहोत अशी खात्री वाटते. चांगले डॉक्टर ते आधीच सांगून ठेवतात. १९३० मध्ये ज्या क्षणिकपणामुळे हे औषध निरुपयोगी ठरलं होतं, त्याचीच पुढे गरज पडली. अमेरिकेत १९८९ मध्ये या वापराला मान्यता मिळाली.

अडवण्याचाही उपयोग

थिओफिलिन हा कॅफीनचा सख्खा भाऊ, आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेरिफायलिनमधला एक घटक. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की अ‍ॅडेनोसिन हुंगल्यावर निरोगी माणसाला काही होत नाही, पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. थिओफिलिन श्वासनलिका मोकळ्या करतं त्याचं सगळं श्रेय अ‍ॅडेनोसिन अडवण्याला देता येत नाही. इतरही मार्ग आहेत. मात्र त्याच्या जास्त मात्रेने होणारी धडधड आणि झटके बऱ्याच अंशी तिथूनच येतात.

सगळ्यात समाधान देणारा वापर कमी दिवसांच्या बाळांमधला. त्यांचं श्वासाचं केंद्र पुरतं तयार नसतं, त्यामुळे श्वास मधेच थांबतो. कॅफीन अ‍ॅडेनोसिनचा लगाम सोडवून त्या केंद्राला जागं ठेवतं. नवजात बाळाचं यकृत कॅफीन इतकं सावकाश मोडतं की दिवसातून एक डोस पुरतो. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला. त्यात ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची बाळं होती आणि त्यांची संख्याही योगायोगाने २००६ होती. कॅफीन मिळालेल्या बाळांची फुप्फुसं कमी बिघडली, आणि पुढच्या पाहणीत मेंदूच्या विकलांगतेचं प्रमाणही कमी आढळलं.

औषधं कमी का

शंभर वर्षांच्या संशोधनाच्या मानाने हाती आलेली औषधं थोडी आहेत. कारण सरळ आहे. शरीर अ‍ॅडेनोसिन हवं तिथे, हवं तेवढंच बनवतं. गोळी मात्र सगळीकडे पोचते. रोलोफिलिन हे ए-१ अडवणारं औषध हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांचं मूत्रपिंड सांभाळेल अशी मोठी आशा होती. २०३३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला. फायदा नाही, उलट काही जणांना झटके आले, कारण मेंदूतले ए-१ही अडवले गेले.

पार्किन्सनमध्ये मात्र यश आलं. मेंदूच्या हालचालींच्या भागात ए-२ए आणि डोपामिनचे रिसेप्टर एकाच पेशीवर शेजारी असतात आणि एकमेकांविरुद्ध ओढतात. डोपामिन घटलं की ए-२एचं पारडं जड होतं. ते अडवणारं इस्ट्राडेफिलिन २०१३ मध्ये जपानने आणि २०१९ मध्ये अमेरिकेने मान्य केलं. हवाईमधल्या आठ हजारांवर जपानी वंशाच्या पुरुषांच्या दीर्घ पाहणीत कॉफी पिणाऱ्यांना पार्किन्सन कमी झाल्याचं २००० मध्येच दिसलं होतं. तो संबंध आहे, सिद्ध झालेला कार्यकारणभाव नव्हे. त्यासाठी कुणी कॉफी सुरू करायचं कारण नाही.

कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून अ‍ॅडेनोसिन भरपूर असतं. गाठीवर चालून आलेल्या पांढऱ्या पेशी ए-२एमुळे तिथे ढिल्या पडतात. ए-२ए नसलेले उंदीर गाठींशी चांगले लढले. माणसांवरच्या चाचण्यांत तो जोर अजून दिसलेला नाही.

तपासणीला जाण्याआधी

हृदयाच्या स्ट्रेस टेस्टसाठी ज्यांना ट्रेडमिलवर चालता येत नाही, त्यांना अ‍ॅडेनोसिन किंवा त्याच्यासारखं ए-२एवर काम करणारं रेगाडेनोसॉन शिरेतून देऊन रक्तप्रवाहाची चित्रं काढतात. अंगात कॅफीन असेल तर औषध रिसेप्टरला पोचतच नाही. मग अडलेली वाहिनीही चित्रात ठीक दिसू शकते. म्हणून निदान बारा तास, आणि केंद्राने सांगितलं तर चोवीस तास, चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि कॅफीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या बंद ठेवाव्यात. चुकून कप झाला असेल तर न लाजता सांगावं. तपासणी पुढे ढकलणं चुकीच्या रिपोर्टपेक्षा बरं. थिओफिलिन किंवा डायपिरिडामोल चालू असेल तर त्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. पहिलं औषध अ‍ॅडेनोसिनला अडवतं, दुसरं त्याचा परिणाम वाढवतं. आणि दमा असेल, अगदी लहानपणी होऊन गेलेला असला तरी, फॉर्मवर रकाना नसला तरी, तो सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना आपण होऊन सांगावा.